पाण्याची चढउतार आणि माशाचे ताट : मासेमारीच्या मचाणांपासून धडगावच्या नर्मदाकाठापर्यंत

मासा पकडण्यासाठी उभारलेल्या जागीच तो शिजवून पाहुण्याला वाढायचा, ही रीत गेल्या काही दशकांत अनेक किनाऱ्यांवर रुजली आहे. इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरची लाकडी मचाणे, कोचीच्या चिनी जाळ्यांलगतच्या टपऱ्या, गोव्याचे शॅक, मुंबईच्या कोळीवाड्यातील महिलांचे ठेले ही तिची निरनिराळी रूपे. वरवर ती फार वेगळी दिसतात, पण सगळीकडे दोन गोष्टी निर्णायक ठरतात. तिथले पाणी किती चढते आणि किती उतरते, यावर मासेमारीची रचना ठरते. त्या पाण्यावर आणि रचनेवर हक्क कोणाचा, यावर ताटाची कमाई कोणाच्या घरी जाणार हे ठरते.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव हे अक्राणी तालुक्याचे ठिकाण सातपुड्याच्या कुशीत आहे. तालुक्याला समुद्र नाही, पण त्याची उत्तर सीमा नर्मदेने आखली आहे, आणि सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यामुळे ही सीमा आता खोल जलाशय झाली आहे. महाराष्ट्रातील ३३ गावे या धरणाने बाधित झाली. त्यांपैकी २४ अक्राणी तालुक्यातली आणि ९ अक्कलकुवा तालुक्यातली. ज्या पाण्याने शेती नेली त्याच पाण्यावर आज या गावांतील अनेक कुटुंबे मासेमारी करतात. मासेमारीच्या जागी भोजनगृह चालवण्याचा इतर किनाऱ्यांचा अनुभव धडगावला उपयोगी पडू शकतो. मात्र तो उचलण्याआधी दोन पाण्यांतला फरक समजून घ्यावा लागतो.

एड्रियाटिकवरची मचाणे

इटलीच्या आब्रुत्सो प्रदेशात ओर्तोनापासून सान साल्वोपर्यंतचा किनारा ‘त्राबोक्कींचा किनारा’ म्हणूनच ओळखला जातो. त्राबोक्को म्हणजे खडकाळ किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभे केलेले लाकडी मचाण. अरुंद फळ्यांची वाट त्याला किनाऱ्याशी जोडते. मचाणावरून लांब वासे समुद्राकडे झुकलेले असतात आणि त्यांच्या टोकांना दोरखंडांनी मोठे जाळे टांगलेले असते. एक चरखी फिरवून हे जाळे पाण्यात सोडायचे आणि किनाऱ्यालगत फिरणारा माशांचा थवा त्यावर आला की झपाट्याने वर उचलायचे. जाळ्यात साठलेला मासा लांब दांड्याच्या लहान जाळीने काढून घेतात.

या रचनेत होडी लागत नाही. हे मचाण चालवणारी बरीच कुटुंबे शेतीही करत. घरामागे ऑलिव्ह आणि द्राक्षे, पुढ्यात मचाण, असा त्यांचा संसार असे. दक्षिणेला पुलिया प्रदेशातील गार्गानो भागात, पेस्कीची आणि व्हिएस्ते या गावांजवळ, अशीच मचाणे आहेत. तिथे त्यांना ‘त्राबुक्को’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी अलेप्पो पाइनचे लाकूड वापरतात, कारण ते लवचीक असते आणि खाऱ्या पाण्यात टिकते. सांधे दोरांनी आणि तारांनी आवळलेले असल्यामुळे लाटेचा मार बसला की सारा सांगाडा थोडा हलतो, पण मोडत नाही. तरीही मोठे वादळ आले की एखादे मचाण कोसळतेच. सान व्हितो किएतिनोजवळचे पुंता तुर्कीनो हे मचाण २०१४ मध्ये असेच पडले आणि नंतर पुन्हा उभारले गेले. इटालियन लेखक गाब्रिएले दान्नुन्त्सिओ याने १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत या मचाणाचे वर्णन केले असल्यामुळे त्याला साहित्यातही जागा मिळाली आहे.

अशी रचना तिथे शक्य झाली याचे मोठे कारण समुद्राच्या स्वभावात आहे. मध्य एड्रियाटिकमध्ये भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा मीटर, बहुधा त्याहूनही कमी. पाण्याची पातळी वर्षभर जवळपास एकच असल्यामुळे ठरावीक उंचीचे मचाण आणि ठरावीक लांबीचे वासे पिढ्यानपिढ्या उपयोगी पडले.

मचाणाचे भोजनगृह होताना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मचाणांचे दिवस पालटले. यांत्रिक बोटी वाढल्या, किनाऱ्याजवळचा मासा कमी झाला आणि दर वादळानंतरच्या डागडुजीचा खर्च जाळ्यातल्या माशांतून निघेनासा झाला. आब्रुत्सोच्या प्रादेशिक शासनाने १९९४ मध्ये या मचाणांच्या पुनरुज्जीवनासाठी कायदा केला. पुढे नियमांच्या चौकटीत काही मचाणांवर भोजनगृह चालवण्याची वाट मोकळी झाली. किनाऱ्याला चिकटून जाणारा रेल्वेमार्ग २००५ मध्ये आत हलवण्यात आला आणि जुन्या मार्गाच्या जागी सायकलसाठी व पायी फिरण्यासाठी रस्ता तयार होत गेला. त्यामुळे पर्यटक थेट मचाणांपर्यंत पोहोचू लागले.

मचाणावरचे जेवण साध्या उपाहारगृहापेक्षा वेगळे चालते. जागा थोडी, टेबले मोजकी, म्हणून आगाऊ नोंदणी करावी लागते. बहुतेक ठिकाणी पदार्थ निवडायचे नसतात. त्या दिवशी जे मिळाले त्याचे एकामागून एक वाढप होते: लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेली छोटी मासळी, शिंपल्या, माकूल, ऑक्टोपस. वास्तो गावची ‘ब्रोदेत्तो’ ही माशांची रस्सेदार भाजी या भागाची खूण मानली जाते. मातीच्या पसरट भांड्यात टोमॅटो आणि मिरचीबरोबर अनेक जातींचे मासे शिजवतात आणि मासा मोडू नये म्हणून ती डावाने ढवळत नाहीत.

या बदलाची किंमतही मोजावी लागली. चार-सहा माणसांच्या वावरासाठी बांधलेल्या मचाणावर स्वयंपाकघर आणि पाहुणे आले की वजन वाढते. गोडे पाणी आणावे लागते, सांडपाणी परत किनाऱ्यावर न्यावे लागते आणि लाकडी बांधकामात विस्तव सांभाळावा लागतो. त्यासाठी मूळ सांगाडा किती वाढवायचा, हा वादाचा विषय राहिला आहे. काही ठिकाणी जाळे आता पाहुण्यांना दाखवण्यापुरते उतरते आणि ताटातला मासा बाजारातून येतो. मचाण वाचले, पण त्यावरची मासेमारी मागे पडली. जिथे मूळ मासेमार घराण्यानेच मचाण आणि चूल दोन्ही हातात ठेवली, तिथे मात्र वासे दुरुस्त करण्याचे, जाळे विणण्याचे आणि वारा पाहून जाळे सोडण्याचे ज्ञानही टिकले.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर

उचलत्या जाळ्याचे आपल्याकडचे प्रसिद्ध उदाहरण फोर्ट कोचीचे. तिथली चिनी जाळी तुळईच्या तत्त्वावर चालतात. सुमारे दहा मीटर उंचीच्या सांगाड्याला सुमारे वीस मीटर रुंदीचे जाळे असते. दुसऱ्या बाजूला दोरांना बांधलेले दगड त्याचा तोल सांभाळतात. एक जाळे चालवायला सहापर्यंत माणसे लागतात. जाळे थोडा वेळ पाण्यात ठेवून वर घेतात. मासा मोजकाच मिळतो, पण तो ताजा असतो आणि तिथेच विकला जातो. गिऱ्हाइकाने काठावर मासा घ्यायचा आणि जवळच्या टपरीवर शिजवून घ्यायचा, अशी सोय तिथे झाली आहे. कोचीतही भरती-ओहोटीतला फरक एक मीटरच्या आसपासच असतो. उचलत्या जाळ्याची स्थिर रचना एड्रियाटिकवर आणि कोचीला टिकली, यामागचे हे साम्य महत्त्वाचे आहे.

उत्तर कोकणात चित्र पालटते. पालघर, मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. इथल्या कोळ्यांनी जाळे उचलण्याऐवजी या ओढीलाच कामाला लावले. डोल हे तोंडाला रुंद आणि टोकाला निमुळते होत जाणारे जाळे खुंटांना बांधून प्रवाहात ठेवतात. पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी, मांदेली त्यात शिरतात आणि ‘खोला’ म्हणवणाऱ्या शेवटच्या निमुळत्या भागात साठतात. प्रवाह थांबण्याच्या सुमारास होडी नेऊन खोला रिकामा करायचा. ही रचना भर पाण्यात असल्यामुळे तिच्यावर बसून जेवण्याचा प्रश्नच येत नाही. इथे ताट आले ते किनाऱ्यावर, बोंबील वाळवण्याच्या वलांडींच्या शेजारी, कोळीवाड्यात. वेसावे कोळीवाड्याचा सी-फूड महोत्सव त्यातूनच उभा राहिला. माहीमच्या चौपाटीवर २०२३ मध्ये कोळीवाड्यातील महिला बचत गटांनी चालवायचा सी-फूड प्लाझा सुरू झाला. मासळी विकणाऱ्या महिलांनाच ती शिजवून वाढण्याचा अधिकार आणि जागा मिळाली, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. होडीने अर्धवर्तुळात टाकलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांकडून माणसे वाळूवर ओढून घेतात. होड्या आणि जाळी ठेवण्यासाठी रेतीत माडाच्या झावळ्यांच्या खोपी असत. १९६०-७० च्या दशकांत परदेशी प्रवासी येऊ लागले तेव्हा अशाच झावळ्यांच्या आडोशाला खाण्यापिण्याची ठिकाणे उभी राहिली आणि त्यांचेच पुढे शॅक झाले. पावसाळ्यात समुद्र रेती खाऊन टाकतो, म्हणून शॅक कायमचा बांधत नाहीत. पावसाळा संपल्यावर उभारायचा आणि पुढच्या पावसाआधी उतरवायचा. किनाऱ्यावरच्या जागांचे वाटप पर्यटन खात्याच्या धोरणानुसार सोडतीने होते. पोटभाड्याने शॅक दुसऱ्याच्या हाती जाणे हे जुने दुखणे आहे आणि ते थांबवण्याचे प्रयत्न धोरणात वारंवार झाले आहेत. गोव्यातील रापणकारांनी १९७० च्या दशकात मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध लढा दिला. १९८० च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याला या लढ्याची पार्श्वभूमी होती. किनारा आणि मासा यांवरचा हक्क मासेमारांना मागावा लागला, तो भोजनगृहांच्या भरभराटीतून आपोआप आला नाही.

आग्नेय आशियातील केलोंग हे या मालिकेतील आणखी एक रूप. मलेशिया आणि सिंगापूरच्या पाण्यात खुंटांचे कुंपण रोवून माशांना आतल्या कप्प्यात वळवायचे आणि तिथल्या जाळ्यातून उचलायचे, ही त्याची जुनी पद्धत. पुढे खुंटांऐवजी तरंगत्या पिंपांवर मचाण ठेवून खाली जाळीच्या पिंजऱ्यात मासे वाढवणे सुरू झाले. अशा काही तरंगत्या केलोंगवर पाहुण्यांना जेवणही मिळते. रोवलेल्या मचाणाकडून तरंगत्या मचाणाकडे झालेला हा प्रवास धडगावच्या दृष्टीने विशेष उपयोगाचा आहे.

धडगावचे पाणी

अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणारी नर्मदा महाराष्ट्राला फक्त नंदुरबार जिल्ह्यात, सुमारे ५४ किलोमीटर स्पर्श करते. दक्षिण काठ महाराष्ट्राचा, समोरचा काठ मध्य प्रदेश आणि गुजरातचा. धरणापूर्वी इथे नदी खडकांमधून वाहायची, मधे खोल डोह आणि काठाला वाळूचे पट्टे असत. काठावरच्या भिल्ल, पावरा आणि तडवी कुटुंबांची शेती आणि मासेमारी एकमेकींना धरून होती. पावसाळ्यात डोंगरउतारावर मका, ज्वारी आणि वरई पेरायची, पाणी ओसरले की काठच्या गाळात भाजीपाला घ्यायचा आणि उन्हाळ्यात डोहांतला मासा पकडायचा. बांबूच्या कामट्यांचे सापळे, गळ, फेकजाळे आणि उथळ पाण्यात तीर-कामठा ही त्यांची साधने. काही झाडांची साल किंवा फळे कुटून डोहात टाकायची आणि गुंगलेला मासा सर्वांनी मिळून गोळा करायचा, अशीही पद्धत होती. एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्याच्या ‘लाह’ प्रथेप्रमाणे मासेमारीतही सहभाग आणि वाटणी गावाची असे.

सरदार सरोवराची उंची टप्प्याटप्प्याने वाढली: २००० मध्ये ९० मीटर, २००४ मध्ये ११०.६४ मीटर, २००६ मध्ये १२१.९२ मीटर. २०१४ मध्ये १३८.६८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी मिळाली, २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला. मणिबेली, डोमखेडी, निमगव्हाण, भूषा, बिलगाव या गावांची नावे बुडितामुळे महाराष्ट्रभर पोहोचली. काही कुटुंबे तळोदा आणि शहादा तालुक्यांतील सोमावल, नर्मदानगर, रेवानगर अशा वसाहतींत गेली. काही डोंगरावर वर सरकून तिथेच राहिली. त्यांच्या घरांना पूर्वी पायवाटांनी जोडलेल्या गावांकडे आता होडीने जावे लागते. काठावरच्या लोकांसाठी आरोग्य विभागाचा तरंगता दवाखानाही पाण्यावर आला.

जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि किमान वापर पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे एका वर्षात पाणी जास्तीत जास्त सुमारे २८ मीटर, नऊ मजली इमारतीच्या उंचीइतके, वर-खाली होऊ शकते. एड्रियाटिकवरच्या अर्ध्या मीटरशेजारी हा आकडा ठेवला की फरक स्पष्ट होतो. धडगावच्या काठावर खांब रोवून मचाण बांधले तर ते भर पावसाळ्यानंतर बुडेल आणि उन्हाळ्यात पाण्यापासून दूर, कोरड्या उतारावर उभे राहील. वरच्या बाजूला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणे आहेत. त्यांतून पाणी सोडले की पातळी आणि प्रवाह थोड्या काळात बदलतात. इथे स्थिर रचना टिकत नाही, जे काही उभारायचे ते तरंगतेच हवे.

जलाशयातला मासा आणि काठावरचे ताट

नदीचा जलाशय झाला की मासाही बदलतो. वाहत्या, दगडगोट्यांच्या पाण्यात वाढणारा महसीर नर्मदेची शान होता. नर्मदाकाठी त्याला बाडस म्हणतात. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा घोषित केले, पण धरणांच्या साखळीने त्याच्या अंडी घालण्याच्या जागा आक्रसल्या. समुद्रातून वर येणारी हिलसा धरणाच्या भिंतीखाली, भरूचच्या खाडीपट्ट्यातच अडते. साठलेल्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ या मोठ्या माशांना वाव मिळतो. त्यांच्याबरोबर मरळ, वाम, शिंगाडा आणि तिलापियाही जाळ्यात येतात.

साधनेही बदलली. डोहातल्या सापळ्यांना खोल जलाशयात जागा नाही. उभी सोडलेली लांब जाळी आणि होडी यांवर आता मासेमारी चालते. बुडालेल्या झाडांच्या खोडांत आणि खडकांत जाळी अडकून फाटतात, वादळी वाऱ्यात होडी सांभाळावी लागते. ज्यांच्या वाडवडिलांनी नांगर धरला त्यांनी ही विद्या एका पिढीत आत्मसात केली. मासेमारीकडे वळलेला शेतकरी हा धडगाव आणि आब्रुत्सो यांच्यातला दुवा आहे. फरक इतकाच की आब्रुत्सोत शेती शाबूत राहून मासेमारी जोडीला आली, धडगावात शेती बुडाल्यावर ती करावी लागली.

मासा पकडल्यानंतरची अडचण बाजाराची. काठापासून धडगाव, तिथून घाट उतरून तळोदा-शहादा, असा माशाचा रस्ता आहे. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरडी कोसळून वाहतूक थांबते. बर्फ वेळेवर मिळाला नाही तर मासा खराब होतो, आणि बर्फ ज्याच्या हाती त्याच्याच हाती भावही जातो. मासा काठावरच शिजवून विकला तर हा लांबचा रस्ता आणि बर्फाचा खर्च दोन्ही टळतात, आणि कच्च्या माशापेक्षा शिजवलेल्या माशाचे मोल जास्त मिळते. काठावरच्या भोजनगृहाच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच.

अशा ताटाला लागणारी सामग्री तालुक्यातच आहे. निखाऱ्यावर भाजलेला किंवा पानात गुंडाळून भाजलेला मासा, मिरची-लसणाचा तिखट पातळ रस्सा, मक्याची किंवा ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी. नंदुरबारची मिरची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध आहे. धडगावचा आमचूर दूरच्या बाजारात जातो. कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवण्याचे हे काम मुख्यतः बायकांच्या हातचे. कोकणी माशाला कोकम-चिंच लागते तसा जलाशयातल्या रोहू-कटल्याला या आमचुराचा आंबटपणा देता येईल आणि एका ताटात दोन घरगुती उद्योगांना गिऱ्हाईक मिळेल.

या काठाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. नर्मदा ही लाखो भाविकांची मैया आहे. तिची परिक्रमा करणारे शूलपाणीच्या झाडीतून, याच डोंगरातून चालत जातात आणि आदिवासी घरांतून त्यांना शिधा व आसरा मिळत आला आहे. जुने शूलपाणेश्वराचे मंदिर जलाशयात बुडाले, पण परिक्रमेची वाट बंद पडली नाही. माशांच्या भोजनगृहाची जागा परिक्रमेच्या मुक्कामांपासून आणि पूजेच्या घाटांपासून दूर असावी, हे गावाला वेगळे सांगावे लागणार नाही. ते जागा निवडताना ग्रामसभेनेच ठरवायला हवे.

हक्काचा प्रश्न

जलाशयातल्या माशावर पहिला हक्क कोणाचा, याचा नर्मदा खोऱ्यातला सर्वांत बोलका अनुभव मध्य प्रदेशातील तवा धरणाचा आहे. नर्मदेच्या तवा या उपनदीवरील धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींना त्याच जलाशयात मासेमारी करण्यास मज्जाव होता आणि ठेका बाहेरच्यांकडे होता. केसला भागातील किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यानंतर १९९६ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या तवा मत्स्य संघाला पाच वर्षांसाठी मासेमारीचा अधिकार मिळाला आणि २००१ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. संघाने मासेबीज सोडणे, बंदीच्या काळात गस्त घालणे, मासा गोळा करणे आणि विकणे हे सारे स्वतः केले. २००६ च्या अखेरीस मुदत संपली आणि व्याघ्र प्रकल्पाचे कारण पुढे येऊन ती वाढली नाही. दहा वर्षे उत्तम चाललेली व्यवस्था केवळ मुदतीच्या कागदावर उभी असल्यामुळे थांबली.

सरदार सरोवराच्या महाराष्ट्रातील काठावरही विस्थापित आदिवासींच्या मच्छीमार सहकारी संस्था उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या पाठीशी कायद्यांचा आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात जलाशयातील मासे व इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट नोंदवला आहे. अक्राणी हे अनुसूचित क्षेत्र असल्यामुळे १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम लागू होतात आणि ग्रामसभेला नियोजनात स्थान मिळते. मात्र लहान तळ्यासाठी लिहिलेले नियम आंतरराज्य जलाशयाला आपोआप लागू पडत नाहीत. पाणी एकच, पण काठ तीन राज्यांचे. मध्य प्रदेशात प्रजननकाळामुळे १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. एका काठाने विश्रांती पाळली आणि दुसऱ्याने जाळी टाकली तर मासा कोणाचाच वाढत नाही. बंदीचा काळ, मासेबीज आणि जाळ्याच्या आसाचा आकार यांवर तिन्ही राज्यांत एकवाक्यता असणे हे काठावरच्या कोणत्याही ताटाच्या आधीचे काम आहे.

तरंगते भोजनगृह उभारताना

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून धडगावसाठी काही निकष निघतात. पहिला रचनेचा. पिंपांवर किंवा पोकळ प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर बांधलेले मचाण, पातळीनुसार सैल-घट्ट करता येणारे दोर आणि काठाशी बिजागरीने जोडलेली, पाणी उतरेल तशी पुढे सरकवता येणारी वाट. गोव्याच्या शॅकप्रमाणे तेही हंगामी असावे. पावसाचे लोंढे थांबल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास लावायचे, पाणी शांत आणि पातळी चांगली असेपर्यंत चालवायचे आणि उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की सुरक्षित खोबणीत ओढून ठेवायचे. कोचीसारखे लहान उचलते जाळे अशा मचाणाच्या कडेला लावता येते. त्यामुळे पाहुण्याला मासेमारी पाहता येईल आणि ताटातला थोडा मासा तरी तिथलाच असेल.

दुसरा निकष सुरक्षिततेचा. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकर संक्रांतीच्या दिवशी, अक्राणी तालुक्यातील भूषाजवळ भाविकांची होडी उलटून किमान सहा जणांचा जीव गेला. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. पाहुण्यांना पाण्यावर नेणारी कोणतीही योजना जीवरक्षक जाकिटे, ठरलेली आसनसंख्या आणि २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानुसार होडीची नोंदणी-तपासणी यांशिवाय सुरू होऊ नये. मचाण काठाला लागून असेल आणि पाहुणा चालत वर जाऊ शकेल तर ही जोखीम बरीच कमी होते.

तिसरा स्वच्छतेचा. या जलाशयाचे पाणी गुजरात आणि राजस्थानात पिण्यासाठी जाते. भांडी धुतलेले पाणी, माशांचे अवशेष आणि शौचालयाचा मैला यांतले काहीही पाण्यात जाता कामा नये. सांडपाण्याची बंद टाकी काठावर रिकामी करायची, माशांचे अवशेष शेतात खत म्हणून जिरवायचे आणि मुख्य चूल काठावरच ठेवून मचाणावर फक्त वाढप करायचे, ही साधी मांडणी त्याला पुरते. अन्नसुरक्षेचा परवाना आणि पाण्याची तपासणी ही नेहमीची कामे बचत गटांना अवघड नाहीत.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष मालकीचा. मचाण मच्छीमार सहकारी संस्थेचे, चूल महिला बचत गटाची आणि जागेचा निर्णय ग्रामसभेचा असेल, तर माशापासून ताटापर्यंतची प्रत्येक पायरी काठावरच्याच हातात राहते. पोटभाड्याने देण्यास करारातच मनाई असावी, कारण गोव्यात शॅक याच वाटेने मूळ माणसांच्या हातून निसटले. हक्काची मुदत लांब असावी, कारण तव्याला छोट्या मुदतीनेच अडवले. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेतून २०२० पासून जलाशयातल्या पिंजऱ्यांसाठी आणि मासे साठवणुकीसाठी साहाय्य मिळू शकते. ते बाहेरच्या ठेकेदाराऐवजी संस्थांपर्यंत पोहोचावे, यासाठी अर्ज, हिशेब आणि देखभाल यांचे प्रशिक्षण काठावरच्या तरुणांना द्यावे लागेल.

नर्मदेच्या पलीकडच्या टोकाला, धरणाखाली, २०१८ मध्ये एकतेचा पुतळा उभा राहिल्यापासून केवडिया परिसरात पर्यटकांची मोठी वर्दळ सुरू झाली. त्याच पाण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या धडगावच्या काठावर तितकी गर्दी होण्याची गरजही नाही आणि तिथले रस्ते, डोंगर व पाणी ती पेलणारही नाहीत. मोजक्या पाहुण्यांची, आगाऊ नोंदणीची आणि दिवसाच्या मासळीवर ठरणाऱ्या ताटाची आब्रुत्सोची पद्धत इथे जास्त जुळते. त्यात मासा कमी मारला जातो, कमी वाया जातो आणि दर माशामागे मासेमाराच्या घरात जास्त पैसा राहतो. जलाशयाने ज्यांची जमीन घेतली त्यांना त्याच जलाशयातून सन्मानाचे उत्पन्न मिळावे, हा या योजनेचा हेतू असेल, तर आधी मासेमारीचा हक्क पक्का व्हायला हवा आणि मग भोजनगृह यायला हवे.